घोट्यावरून कमरेवर

आमच्या शाळेत कुठलाही कार्यक्रम असला की मुख्याध्यापक माझी ओळख एकाच वाक्यात करून द्यायचे. "साळवे सर आपल्या देशाकडून ऑस्ट्रेलियात फुटबॉल खेळून आलेत." टाळ्या पडायच्या. मी खाली उतरलो की कुणीतरी कानाशी लागायचं, "सर, गोल बॉल का लांबुडका?" लांबुडका म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला, "म्हंजी रग्बी." रग्बी नाही म्हटलं की, "मंग खरा फुटबॉल कोन्ता?" इथवर आलं की मी चहा सांगायचो आणि विषय पावसापाण्यावर न्यायचो.

आता या अंकाच्या संपादकांनी पानं दिली आहेत, मधे बोलणारं कुणी नाही, तर एकदाचं नीट सांगून टाकतो.

या खेळाला ऑस्ट्रेलियन फुटबॉल म्हणतात. मैदान चौकोनी नसतं, अंड्याच्या आकाराचं असतं. दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या दोन खांबांतून लाथेनं चेंडू काढला तर सहा गुण, बाजूच्या खांबांतून गेला तर एक. चेंडू हातात घेऊन पळता येतं, पण दर पंधरा मीटरला तो एकदा जमिनीवर टेकवावा किंवा टप्पा पाडून परत घ्यावा लागतो. फेकता येत नाही. एका तळहातावर धरायचा आणि दुसऱ्या हाताच्या मुठीनं ठोसा मारून साथीदाराकडं द्यायचा. लांबून लाथाडलेला चेंडू हवेतल्या हवेत झेलला तर शिट्टी वाजते आणि झेलणाऱ्याला निवांत लाथ मारायला मिळते. तिकडं एका बाजूला अठरा जण खेळतात. आमच्याकडं अठरा माणसं जमायची ती फक्त लग्नात, म्हणून आम्ही नऊ-नऊ खेळायचो.

आणि शेवटचा नियम, ज्यानं माझी दोन वर्षं खाल्ली. चेंडू घेऊन पळणाऱ्याला धरायचं असेल तर खांद्याच्या खाली आणि गुडघ्याच्या वर धरायचं. गुडघ्याखाली हात गेला की चूक.

मी मूळचा कबड्डीचा माणूस. मंठा तालुक्यातलं आमचं गाव, बुद्धविहारापुढचं मैदान आणि त्या मैदानाचा डावा कोपरा, एवढी माझी जागा. कोपऱ्यातल्या खेळाडूचं काम तसं सोपं असतं. चढाई करणारा आत आला की त्याचा घोटा धरायचा आणि सोडायचा नाही. मी दहाव्या वर्षापासून लोकांचे घोटे धरत आलो. पंचक्रोशीत मला 'चिमटा' म्हणत आणि मला त्याचा अभिमान होता. परतूरच्या एका स्पर्धेत तर चढाईला आलेला एक जण माझ्याकडं बघून कोपऱ्याकडं फिरकलाच नाही, तसाच परत गेला.

पण राज्याच्या निवड चाचणीला दोनदा गेलो आणि दोन्हीदा रिकाम्या हातानं आलो. दुसऱ्या वेळी निवड करणाऱ्यांतले एक जण म्हणाले, "तुमचं वय होत आलं, आता पोरं घडवा." मी एकोणतीस वर्षांचा होतो. शाळेत क्रीडाशिक्षक होतो, पोरं घडवतच होतो. मला एकदा, फक्त एकदा, देशाची निळी जर्सी अंगात घालायची होती. हे मी तेव्हा कुणाला बोललो नव्हतो, कारण बोललं असतं तर लोक हसले असते.

त्याच हिवाळ्यात जालन्याला क्रीडाशिक्षकांचं शिबिर झालं. कोलकात्याहून एक प्रशिक्षक आले होते, दासबाबू. बुटके, चष्मा लावणारे, गळ्यात शिट्टी. खांद्यावरच्या पिशवीतून त्यांनी तो लाल लांबुडका चेंडू काढला आणि माझ्यापुढं टाकला. मी धरायला वाकलो तर तो उजवीकडं उसळला. पुन्हा वाकलो तर पायांमधून मागं गेला. सगळे शिक्षक हसले. दासबाबू मात्र हसले नाहीत. म्हणाले, "इस खेल में हिंदुस्तान की टीम अभी बन रही है. जो आज सीखेगा, वही पहला होगा."

मला एवढंच ऐकायचं होतं. शिबिर संपल्यावर मी त्यांना हट्टानं मंठ्याला आमच्या शाळेत घेऊन आलो.

तिथं बिज्जू भेटला. तसा तो मला पहिलीपासून भेटलेला. ब्रिजमोहन राठी, माझा वर्गमित्र, बाजारात भांड्यांचं दुकान. त्यांची आठवी पिढी मंठ्यात आहे. घरी मारवाडी, गिऱ्हाइकाशी गिऱ्हाइकाची भाषा आणि माझ्याशी मंठ्याची. उंची सहा फुटांच्या वर, त्यामुळं दुकानात वरच्या फळीवरचा हंडा काढायला त्याला शिडी लागायची नाही. त्या दिवशी तो स्नेहसंमेलनाच्या बक्षिसांचे स्टीलचे तांबे पोचवायला शाळेत आला होता. दासबाबूंनी लाथाडलेला चेंडू वाऱ्यानं वाहवत त्याच्याकडं गेला. बिज्जूनं काखेतलं खोकं खाली ठेवलं, उडी मारली आणि दोन्ही हातांनी डोक्याच्या वर चेंडू झेलला. मग खोकं उचललं आणि मला विचारलं, "तांबे कुठं ठिवू?"

दासबाबू माझा दंड धरून म्हणाले, "इनको छोड़ना मत."

मी सोडलं नाही. दुकान उघडायच्या आधी सकाळी दीड तास, या बोलीवर तो आला. त्याला हळूहळू खेळाची गोडी लागली आणि मग माझ्यापेक्षा जास्त लागली. आजूबाजूच्या गावांतून कबड्डीची, खो-खोची पोरं जमवून आम्ही नऊ जण पुरे केले. मैदान म्हणजे आठवडी बाजाराची जागा. बाजाराच्या दुसऱ्या दिवशी आधी सडके टमाटे आणि कोबीची पानं उचलायची, मग सराव. काळी जमीन, उन्हाळ्यात भेगा पडायच्या. भेगेच्या कडेवर टप्पा पडला की चेंडू कुठं जाईल हे सांगणं अवघड. पण त्यामुळं आमचे हात तयार झाले, हे नंतर कळलं.

पहिली मोठी स्पर्धा भोकरदनला ठरली. मैदान होतं, खांब नव्हते. आम्ही आमचे आठ बांबू घेऊन एसटी गाठली. कंडक्टरनं बांबूंकडं बघितलं, टोपी काढली आणि हळू आवाजात विचारलं, "कोन गेलं?"

"कोन्नी न्हाई गेलं मामा," बिज्जू म्हणाला. "खेळाचे खांब हायेत."

"खेळाचे?" कंडक्टरनं बांबू मोजले. "एका मयतीला दोन लागत्यात. आठ म्हंजी मला वाटलं आख्खं घर गेलं. चढवा टपावर, जल्दी करा."

जालन्याच्या स्टँडवर गाडी बदलताना पुन्हा तेच. एका म्हाताऱ्या बाईनं आमच्याकडं बघून हात जोडले. बिज्जूनं गंभीर चेहरा करून परत हात जोडले. मी त्याला तिथंच एक रट्टा दिला.

भोकरदनला चार संघ आले होते आणि आम्ही अंतिम सामन्यापर्यंत पोचलो. समोर कोल्हापूरकडची पोरं. पंच स्वतः दासबाबू. मी बचावात उभा. त्यांचा एक चपळ गडी चेंडू घेऊन माझ्या बाजूनं निघाला, मी सूर मारला, घोटा धरला, गडी आडवा. प्रेक्षकांनी शिट्ट्या मारल्या. दासबाबूंनीही शिट्टी मारली, पण ती माझ्या विरुद्ध होती. कोल्हापूरच्या पोरांना फुकटची लाथ मिळाली आणि गोल झाला.

मी स्वतःला बजावलं, कमर धर, कमर. पुढचा गडी आला, डोक्यात कमर होती आणि हातात घोटा आला. पुन्हा शिट्टी. मी जाणूनबुजून करत होतो असं वाटलं असेल बघणाऱ्याला, पण वीस वर्षांची सवय विचारायला थांबत नाही. माणूस जवळून पळाला की माझे हात आपोआप खाली जायचे. त्या सामन्यात मी पाच घोटे धरले आणि आम्ही दोन गोलांनी हरलो.

सामन्यानंतर दासबाबू माझ्या शेजारी बसले. "साळवे, आपके हाथ बहुत अच्छे हैं," ते म्हणाले. "लेकिन नीचे हैं. अगले साल देश की टीम चुनी जाएगी, ऑस्ट्रेलिया जाएगी. जब तक हाथ ऊपर नहीं आते, मैं आपका नाम नहीं लिख सकता."

परतीच्या गाडीत मी बिज्जूला पहिल्यांदा निळ्या जर्सीचं सांगितलं. तो हसला नाही. म्हणाला, "मलाबी पायजे. पन बाबूजींनी सांगून ठिवलंय, ही चाचणी शेवटची. निवडलो तर ठीक, न्हाई तर बूट काढायचे अन् गादीवर बसायचं." मग म्हणाला, "उद्यापासून मी तुझ्यापुढून पळतो. तू कंबर धर. बिलकुल सोडायचं न्हाई."

आणि तो पळायला लागला. रोज सकाळी सहाला. चेंडू घेऊन माझ्या डावीकडून, उजवीकडून, कधी अंगावर. मी धरायचो आणि बघायचो तर हातात घोटा. दोन महिने गेले. बिज्जूचे दोन्ही घोटे सुजून दुकानात त्याला चप्पल घालता येईना. कबड्डी सोडल्याला एवढे दिवस झाले, तरी हात ऐकेनात. एकदा मी चिडून म्हणालो, हात बांधून खेळतो. बिज्जू म्हणाला, "मंग धरशील काय, दातानं?"

उपाय सापडला तो आमच्या घरात. माझी बायको सुनंदा आरोग्य केंद्रात परिचारिका आहे. मी भाकरी खाताना रोजचं रडगाणं गात होतो आणि ती तव्यावरची भाकरी उलटत म्हणाली, "अहो, आमच्या माहेरी आंबे चोरनाऱ्यांसाठी भाऊ फांदीला खाजखुजली बांधायचा. एकदा हात लागला की तो मानूस परत त्या झाडाकडं बघत न्हवता. बिज्जूभाऊंच्या पायाला बांधा."

ती हे चेष्टेनं म्हणाली होती. मी भाकरी अर्धी टाकून उठलो तेव्हा तिला कळलं की हा माणूस खरंच करणार.

खाजखुजलीचा वेल ओढ्याकाठी कुंपणांवर चढलेला असतो. थंडीत शेंगा वाळतात आणि त्यांच्यावरची बारीक भुरी लव अंगाला लागली की माणूस नाचतो. सुनंदाच्या कपाटातले रबरी हातमोजे घालून मी शेंगा आणल्या. बिज्जूनं पायात मोजे घातले, त्यावर दुकानातल्या प्लास्टिकच्या पिशव्या गुंडाळल्या, त्यावर जुने मोजे चढवले आणि त्या वरच्या मोज्यांवर आम्ही शेंगा झटकल्या. त्याच्या बाबूजींनी हे बघितलं असतं तर ती चाचणीसुद्धा झाली नसती.

पहिल्या सकाळी तिसऱ्याच पळण्यात माझा हात घोट्यावर गेला. पुढचा अर्धा तास मी काय केलं ते लिहिण्यासारखं नाही. हापशावर हात धुतले, त्यानं आग आणखी वाढली. बिज्जू मैदानात फतकल मारून बसला होता आणि हसता हसता त्याला ठसका लागला होता. शेवटी चहाच्या टपरीवाल्या मावशींनी चुलीतली राख दिली, ती चोळली तेव्हा कुठं थोडं थांबलं.

शाळेत मात्र वेगळंच नाटक झालं. पीटीच्या तासाला मी हात खाजवतोय हे मुलींनी घरी सांगितलं. पालक मुख्याध्यापकांकडं गेले, साळवे सरांना खरूज झालीय म्हणाले. मुख्याध्यापकांनी मला चिठ्ठी देऊन आरोग्य केंद्रात तपासणीला पाठवलं. तिथं ड्यूटीवर कोण, तर सुनंदा. तिनं माझे हात उलटसुलट करून बघितले, डॉक्टरांना दाखवले आणि डॉक्टरांनी लिहून दिलेला कागद माझ्यापुढं सरकवला. त्यावर 'संसर्गजन्य नाही' असं लिहिलं होतं. मग तिनं दार लोटलं आणि इतकी हसली की बाहेरचे पेशंट आत डोकावले.

पण सांगायची गोष्ट ही की उपाय लागू पडला. पंधरा दिवसांत माझे हात घोट्याजवळ जाऊन थबकायला लागले. शेंगा संपायच्या आत ते थबकणंही गेलं. बिज्जू जवळून पळाला की हात थेट कमरेला जायचे. मला वाटलं जिंकलो.

बिज्जूला तसं वाटत नव्हतं. एक दिवस त्यानं मला हुलकावणी दिली, मी तोंडावर पडलो, त्याचा पाय माझ्या हाताशी होता. मी धरला नाही. पडून राहिलो आणि मनात स्वतःची पाठ थोपटली. तो परत येऊन माझ्यावर उभा राहिला.

"हात आवरला, चांगलं केलं," तो म्हणाला. "पन पडून काऊन राह्यला? कबड्डीत घोटा सुटला की खेळ खलास. हितं न्हाई. उठ अन् पळ माझ्या मागं."

हे मला कुणी शिकवलं नव्हतं, दासबाबूंनीही नाही. कोपऱ्यातल्या माणसाला एकच संधी असते, ती गेली की तो हात झटकत उभा राहतो. मला पडल्यावर उठून पळायला शिकायचं होतं. उन्हाळाभर आम्ही तेवढंच केलं. तो मला पाडायचा आणि पळायचा, मी उठायचो आणि त्याच्या मागं. तो माझ्यापेक्षा वेगवान होता. मी त्याला दहातून एकदा गाठायचो, मग तीनदा. मे महिन्याच्या शेवटी पाच वेळा गाठलं, तेव्हा त्यानं मला दुकानात नेऊन लस्सी पाजली. बाबूजी गादीवर बसले होते. त्यांनी माझ्या सोललेल्या कोपरांकडं बघितलं आणि विचारलं, "मास्तर, यामध्ये आराम कधी असतो?"

मी म्हणालो, "दासबाबू सांगत्यात, टीम अभी बन रही है. आराम त्याच्यानंतर." बाबूजी पहिल्यांदा माझ्याकडं बघून हसले.

निवड चाचणी परराज्यात होती. दोन गाड्या बदलून आम्ही गेलो. देशभरातून खेळाडू आले होते, बंगालचे, केरळचे, राजस्थानचे. बहुतेक आमच्यापेक्षा दहा वर्षांनी लहान. आम्हा दोघांचं वय बघून एकानं विचारलं, आप लोग कोच हैं क्या? पहिले दोन दिवस धावणं, झेलणं, लाथा. तिसऱ्या दिवशी सकाळी दासबाबूंनी काही जणांना बाजूला बसवलं. ज्यांचं नक्की झालं होतं ते बसले आणि ज्यांचं नक्की नव्हतं त्यांचे दोन संघ करून शेवटचा सामना लावला. आम्ही दोघंही उभेच होतो. बिज्जू लाल संघात पुढं, मी पिवळ्या संघात मागं. म्हणजे तो माझ्यावरच येणार.

सामना सुरू व्हायच्या आधी तो माझ्याजवळ आला. "बराबर खेळ," एवढंच म्हणाला.

तो फार छान खेळला. दोन चेंडू त्यानं तिघांच्या डोक्यावरून झेलले, एक गोल केला. मी तीन जणांना धरलं, तिन्ही कमरेला. दासबाबू कागदावर काहीतरी लिहीत होते आणि तो कागद मला दिसत नव्हता.

शेवटची काही मिनिटं राहिली असतील. बिज्जूनं मैदानाच्या मधे चेंडू झेलला आणि थांबून लाथ मारायच्या ऐवजी तो पळत सुटला. समोर मी एकटा. त्यानं डावीकडं खांदा टाकला, मी तिकडं झेपावलो आणि तो उजवीकडून गेला. हीच हुलकावणी तो मला वर्षभर देत आला होता. मी पालथा पडलो. त्याचा उजवा घोटा माझ्या बोटांपासून वीतभर लांब होता. 'चिमटा' म्हणून जो माणूस होता, त्यानं तो धरला असता. मी हात जमिनीवर टेकले, उठलो आणि पळालो.

आता खरं लिहितो. पळताना माझ्या मनात एकदा आलं की याला जाऊ दे. यानं गोल केला तर याचं नक्की होईल, आणि माझं तसंही होईल कदाचित. बाबूजींची अट मला माहीत होती. चार पावलं तरी तो विचार माझ्याबरोबर पळत होता. मग गेला. मी त्याला गाठायलाच आलो होतो, दुसरं काही करायला आलो नव्हतो. खांबांच्या अलीकडं त्यानं लाथ मारायला चेंडू पुढं धरला आणि मी मागून त्याच्या कमरेला मिठी मारली. दोघंही खाली आलो. चेंडू त्याच्या छातीखाली अडकला. धरलं जाण्याआधी चेंडू सोडायला वेळ मिळूनही ज्यानं तो सोडला नाही, त्याच्या विरुद्ध निकाल जातो. शिट्टी वाजली आणि चेंडू मला मिळाला.

दुपारी यादी वाचली. माझं नाव होतं. बिज्जूचं नव्हतं. दासबाबू नंतर मला म्हणाले, पुढच्या फळीत एकच जागा होती, आणि एवढ्या जवळून पकडला जाणारा माणूस तिकडच्या पोरांपुढं टिकला नसता. ते बरोबरच बोलत होते. मला ते ऐकायचं नव्हतं.

परतीच्या गाडीत बिज्जूनं घरचा डबा उघडला. गट्ट्याची भाजी होती, आंबट झालेली, तरी दोघांनी खाल्ली. मी काहीतरी बोलायला गेलो तर तो म्हणाला, "बराबर धरलं." मग रिकामा डबा पुसून पिशवीत ठेवला.

ऑस्ट्रेलियाबद्दल लोक फार विचारतात, म्हणून थोडक्यात सांगतो. थंडी होती. हिरवळ इतकी मऊ की पडलं तरी कोपर सोलवटत नव्हतं, पहिल्या दिवशी मला ते खोटंच वाटलं. सामने आम्ही सगळे हरलो आणि चांगल्या फरकानं हरलो. तिथली माणसं चालायला लागल्यापासून हा खेळ खेळतात, आम्ही काल आलेले. पण निळी जर्सी डोक्यातून खाली ओढली तेव्हा मी बाथरूममध्ये जाऊन रडलो. त्या जर्सीत बिज्जूचा वाटा किती होता हे त्या संघात कुणाला माहीत नव्हतं. सांगावं असं बऱ्याचदा वाटलं, पण कुठल्या भाषेत सांगू हे कळलं नाही.

परत आल्यावर शाळेत सत्कार झाला, विहारात झाला. बिज्जूच्या दुकानात मात्र मी गेलो नाही. आठ दिवस बाजाराचा रस्ता टाळून मागच्या बोळातून घरी यायचो. सुनंदा म्हणाली, "येवढे दिवस काऊन लपून राह्यलात? मानूस तो काही तुमच्यावर चिडलेला न्हाई." चिडला असता तर बरं झालं असतं, असं मी म्हणालो. लोक समजतात की खेळाडूला हरण्याचं दुःख मोठं असतं. ज्याच्याकडून शिकलो त्यालाच शिकलेलं वापरून हरवलं, त्याचं काय करायचं असतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

बिज्जूची पुढच्या वर्षी निवड झाली, हे इथंच सांगून टाकतो, वाचणाऱ्याचा जीव टांगणीला नको. तो दोन दौरे खेळला. मला सांगायचं आहे ते त्याच्या आधीच्या एका सकाळचं.

नवव्या दिवशी सहाला दारावर थाप पडली. बिज्जू. अंगात जुनी बनियन, काखेत चेंडू.

"बाबूजी?" मी विचारलं.

"सांगितलं त्येन्ला, एक साल अजून पायजे. आज शटर स्वतःच उघडायला गेले." मग मला खालपासून वरपर्यंत बघून म्हणाला, "उभा काऊन राह्यला? चल. माझं धरनं कच्चं हाय, दासबाबूंनी हेबी सांगितलं. आता तू पळायचं, मी धरनार."

बाजाराच्या जागेत आम्ही दोघंच होतो. मी चेंडू घेऊन पळालो. तो मागं आला. दहा पावलांवर मी थोडा सैल झालो. ठरवून नाही, पण झालो. त्यानं मला सहज गाठलं, कमरेला धरलं आणि तसंच सोडून दिलं. पुन्हा पळालो, पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी त्यानं मला धरलंच नाही. मागं थांबला आणि आख्ख्या बाजारात ऐकू जाईल असा ओरडला.

"साळवे! मी तुझ्यापुढं एक दिस तरी हळू पळालो का रे?"

टपरीवाल्या मावशी चहाचं भांडं हातात घेऊन बाहेर आल्या. मी मैदानाच्या मधे उभा होतो. तो एक दिवसही हळू पळाला नव्हता, त्या चाचणीतसुद्धा नाही. मी चेंडू काखेत मारला, त्याच्याकडं पाठ केली आणि होता नव्हता तेवढा जीव लावून पळालो. त्यानंतर त्या सकाळी मी त्याच्या हाताला एकदाही लागलो नाही.